शेतातला मातीचा बांध: वळवापासून दिवाळीपर्यंत काय बघायचं, कसं बघायचं

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर एक मातीचा बांध आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर आजोबांनी घातलेला. साधारण ६ मीटर उंच, ११० मीटर लांब. त्याच्या पाण्यावर १४ एकर ऊस उभा राहतो, आणि उसाच्याही खाली, ओढ्याच्या काठानं, अकरा घरं आहेत. उसाचं गणित घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. त्या अकरा घरांचं गणित मात्र कुणीच मांडलेलं नव्हतं.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव फुटला. एका बाईचा जीव गेला, ओढ्याकाठची पिकं गेली. त्याच्या दोन वर्षं आधी, २ जुलै २०१९ च्या रात्री, घाटाखाली चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं आणि वीसहून जास्त माणसं वाहून गेली. दोन्ही धरणं मातीची, दोन्ही रात्री फुटली, आणि दोन्हीकडची गळती गावातल्या लोकांच्या आधीपासून डोळ्यांसमोर होती. मेघोलीनंतरच्या आठवड्यात मी पहिल्यांदा आमच्या बांधाच्या पलीकडच्या, म्हणजे पाण्याच्या उलट्या बाजूच्या उतारावर हातात कोयता घेऊन चढलो. घाणेरी आणि रानमोडी इतकी माजली होती की माती दिसत नव्हती. तेव्हापासून जे शिकलो, जाणत्या अभियंत्यांना विचारून जे पडताळून घेतलं, ते इथं लिहितो. ज्यांच्या रानात असा बांध आहे त्यांनी तो डोळ्यासमोर ठेवून वाचावं.

बंधारा वेगळा, बांध वेगळा

आपण कोल्हापूरची माणसं बंधाऱ्यांच्या सोबतीनं वाढलेली. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, कुठल्याही नदीवर जा, दगडी खांबांचा बंधारा दिसतो. पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे खांबांमधल्या फळ्या, घालायचे, मृगाच्या आधी काढायचे. नदी चढली की अख्खा बंधारा पाण्याखाली जातो, ओसरली की पुन्हा वर येतो. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव साऱ्या महाराष्ट्रात चालतं. पण त्यानं आपल्या डोक्यात एक चुकीची समजूत पक्की करून ठेवली आहे: पाणी वरून गेलं तर जाऊ दे, काही होत नाही.

दगडाच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर खरंच काही होत नाही. मातीच्या बांधावरून वीतभर पाणी तासभर वाहिलं तर बांध राहत नाही. पलीकडचा उतार खरवडतो, खरवडलेली घळ मागं मागं सरकत माथ्यापर्यंत येते, आणि मग साठलेलं सगळं पाणी एकदम सुटतं. म्हणून मातीच्या बांधाची सारी देखभाल एकाच गोष्टीभोवती फिरते. पाण्याला जायला आपण ठरवलेल्या दोनच वाटा हव्यात: सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची मोकळी वाट, आणि मोरी, म्हणजे बांधाच्या पोटातला दार असलेला पाईप. तिसरी वाट त्यानं शोधली, मग ती वरून असो, पोटातून असो की पायाखालून, की धोका सुरू झाला.

कायद्याचं थोडक्यात. धरण सुरक्षा कायदा २०२१ खाजगी मालकीच्या धरणांनाही लागू आहे, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी. १० ते १५ मीटरची धरणं काही अटींमध्ये बसली तरच त्यात येतात. आमच्यासारखा ६ मीटरचा बांध त्याच्या बाहेर. याचा अर्थ आपण सुटलो असा घेऊ नका. याचा अर्थ असा की दरवर्षी तपासायला कुणी येणार नाही, ते काम मालकाचं. त्या कायद्यातली एक गोष्ट मात्र लहान बांधालाही जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे: वर्षातून दोन तपासण्या, एक पावसाळ्याआधी, एक पावसाळ्यानंतर. आणखी एक ध्यानात ठेवा. ओढा आपल्या सातबाऱ्यातून वाहत असला तरी जमीन महसूल संहितेप्रमाणे ओढे-नाले आणि त्यातलं पाणी सरकारचं असतं. बांधाची उंची वाढवायची किंवा सांडव्याची पातळी बदलायची तर आधी तहसील आणि जलसंपदा खात्याकडे लेखी परवानगी मागा.

सांडवा: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

मातीच्या बांधांना सगळ्यात मोठा धोका अपुऱ्या किंवा अडलेल्या सांडव्याचा. आपल्या जिल्ह्यात तर विशेष. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शिरोळच्या ओढ्याला पुरणारा सांडवा राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगरात चालेल असं कुणी समजू नये.

आपला सांडवा पुरेसा आहे का, हे घरी बसून ढोबळ तपासता येतं. आधी पाणलोट मोजा, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी आपल्या बांधाकडे उतरतं ती. मोबाईलवरच्या नकाशात कडेकडेनं रेघ ओढली की क्षेत्र मिळतं. आमचं निघालं ४० हेक्टर, म्हणजे १०० एकर. आता समजा एका तासात १०० मिलिमीटर पाऊस पडला. हवामान खातं ढगफुटी म्हणतं तो हा दर. खाली घरं असतील तर एवढा धरूनच चालावं. आश्लेषा-मघापर्यंत जमीन तुडुंब भिजलेली असते, त्यामुळे निदान ७० टक्के पाणी वाहून येतं असं धरू. ४० हेक्टर म्हणजे ४,००,००० चौरस मीटर. त्याला ०.१ मीटरनं गुणा, मग ०.७ नं: २८,००० घनमीटर. हे एका तासाचं, म्हणून ३,६०० नं भागा. सेकंदाला साधारण ७.८ घनमीटर पाणी येणार.

सांडव्याची ताकद अशी काढतात: रुंदी मीटरमध्ये, गुणिले पाण्याची खोली, गुणिले त्या खोलीचं वर्गमूळ, गुणिले १.७. १० मीटर रुंद सांडव्यावरून ०.६ मीटर, म्हणजे दोन फूट खोल पाणी गेलं तर उत्तर ७.९ येतं. पुरतं. आमचा सांडवा होता ३ मीटर रुंद. त्यातून तेवढंच पाणी जायला १.३ मीटर खोली लागली असती, आणि सांडव्याच्या उंबऱ्यापासून बांधाचा माथा होता ०.९ मीटरवर. म्हणजे तसा पाऊस आला असता तर पाणी माथ्यावरून जाणारच होतं. इतकी वर्षं तो पाऊस आमच्या ओढ्यावर पडला नाही, म्हणून बांध उभा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या उन्हाळ्यात सांडवा १० मीटर केला.

हे गणित ढोबळ आहे. त्यानं 'ठीक आहे' म्हटलं तरी एकदा अभियंत्याला दाखवा. पण त्यानं 'कमी पडतं' म्हटलं तर अजिबात थांबू नका.

पुराचं पाणी सांडव्यावरून पूर्ण खोलीनं वाहत असतानाही माथा त्याच्या वर दोन-तीन फूट कोरडा राहिला पाहिजे. वाऱ्यानं लाटा उठतात, माती वर्षागणिक बसते, त्यासाठी ही जागा. म्हणजे नुसता सांडवा रुंद करून भागत नाही: उंबऱ्यापासून माथा ०.९ मीटरवर असेल आणि ०.६ मीटर पाणी गेलं, तर फूटभरच कोरडा उरतो.

आता आपल्याकडची सगळ्यात घातक सवय. पाऊस ओसरताना सांडव्यावर पोती रचायची, माती लोटायची, कुठं बर्ग्यासारख्या फळ्या लावायच्या, म्हणजे फूटभर पाणी जास्त साठेल आणि उसाला दोन पाळ्या जास्त मिळतील. बंधाऱ्यात बर्गे घालायची सवय इथं आडवी येते. वरचं सूत्र पुन्हा बघा. ०.६ मीटर खोलीपैकी ०.३ मीटर पोत्यांनी बुजवली, तर वाहायची ताकद निम्मी राहत नाही. ७.९ वरून २.८ वर येते, एक तृतीयांशाच्या आसपास. आणि परतीचा पाऊस हस्तात कसा कोसळतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. रात्री दोन वाजता ती पोती काढायला कोण जाणार? राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून आपला सांडवा बारमाही उघडाच हवा. पाणी जास्त हवं असेल तर गाळ काढा. सांडवा उचलू नका.

सांडव्यात मासे अडवायला जाळी लावतात, तीही पावसाळ्यात काढायला लावा. वरच्या रानातलं पाचट वाहत येतं, जाळीला चिकटतं आणि दोन तासांत भिंत उभी राहते. सांडव्याची खालची वाटही चालून बघा. पाणी ओढ्याला मिळतं तिथं कडा तुटून घळ पडली असेल तर ती दरवर्षी वर सरकत उंबऱ्याकडे येते. तिथं मोठे दगड नीट रचून घ्या, उंबऱ्याला काँक्रीटचा पट्टा टाका. आणि ते पाणी बांधाच्या पायथ्याला घासून जाता कामा नये.

माथा

माथा दिसायला सपाट असला तरी तो कुठंतरी दबलेला असतोच. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा, दर पाच मीटरवर खुंटी ठोकून पातळी बघा. आमच्याकडे मधोमध सव्वा फूट खाली निघाला. कारण लगेच कळलं: तोडीच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या बांधावरून जायच्या. चाकोरी पडायची, चाकोरीत पाणी साठायचं, माती आणखी दबायची. बांधाचा माथा हा रस्ता नव्हे. आम्ही दोन्ही टोकांना दगडी खांब रोवले. भावकीत आठ-पंधरा दिवस बोलाचाली झाली, पण ट्रॉल्या आता ओढ्याच्या खालच्या अंगानं फिरून जातात.

दबलेली जागा भरताना नुसती माती ओतून जेसीबीच्या बकेटनं थापटू नका. आधी जुना थर खरवडा, सहा-सहा इंचाचे थर द्या, प्रत्येक थर ओलसर करून रोलरनं दाबा. ओल किती? मूठभर माती घेऊन लाडू वळा. लाडू वळला, हाताला चिखल लागला नाही आणि खाली टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले की बरोबर. माथ्याला पाण्याच्या बाजूला किंचित उतार ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी पलीकडचा उतार धुऊन नेणार नाही.

एप्रिल-मेमध्ये भेगा बघा. काळ्या मातीला भेगा पडणारच. त्या उथळ असतील तर वळवानं मिटतात. माथ्याच्या लांबीनं जाणारी, एक बाजू खाली खचलेली भेग दिसली तर उतार घसरायच्या बेतात आहे. पाण्याकडून पलीकडे आडवी गेलेली भेग त्याहून वाईट, कारण पाणी चढलं की तीच वाट होते. भेगेत चुन्याची निवळी ओता, मग बाजूनं खणत जा, पांढरा माग जिथं संपेल त्याच्याही फूटभर खाली जा, आणि वर सांगितल्यासारखी थराथरानं भरा. नुसती वरून माती लोटून भेग झाकली तर ती दिसेनाशी होते, बुजत नाही.

झाडं, बिळं, जनावरं

'झाडानं माती धरून ठेवली जाते' हे डोंगराच्या उताराला खरं. बांधाला नाही. झाडाचं मूळ ओलीच्या मागं बांधाच्या पोटात शिरतं. झाड वाऱ्यानं उन्मळलं तर मुळासकट पोटातली माती घेऊन जातं, आणि वाळलं तर मूळ कुजून आतून पोकळ नळी तयार होते. सुबाभूळ, निलगिरी, बाभूळ, करंज, काहीही असो, बांधावर नको आणि पायथ्यापासून पाच मीटरपर्यंत नको. मनगटापेक्षा बारीक रोपं मुळासकट उपटून खड्डा दाबून भरा. मोठं झाड असेल तर घाई नको. तलाव खाली असतानाच, उन्हाळ्यात, जाणकाराला विचारून काढा. नुसतं बुंध्यातून तोडून विसरून जाणं हे सगळ्यात वाईट, कारण कुजायचं काम त्या दिवसापासून सुरू होतं.

हरळी लावा. तिच्यासारखं आवरण नाही. दाट, बुटकी, माती धरणारी, आणि तिच्यातून पाझर चटकन दिसतो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर कापून घ्या. गवत जाळू नका, मुळं जळाली की उतार उघडा पडतो.

किरवं, उंदीर, घुशी, साळिंदर, सगळ्यांना बांधाची मऊ ओलसर माती आवडते. वारुळं दिसली तर तीही खालपर्यंत पोकळ असतात. बीळ सापडलं की तोंडावर दगड ठेवून समाधान मानू नका. नऊ पाट्या चाळलेली माती आणि एक पाटी सिमेंट पाण्यात कालवून दाटसर रबडी करा, पाईपनं बिळात ओता, बसेल तसं पुन्हा भरा. साळिंदराचं बीळ फार खोल जातं, ते खणूनच भरावं लागतं. आणि प्राणी मारायला निघू नका, साळिंदर तर कायद्यानं संरक्षित आहे. झुडपं साफ राहिली की आडोसा जातो आणि तो निघून जातो.

म्हशी पाण्यात उतरतात त्या जागी पाण्याकडचं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावरचं दगडांचं अस्तर, निखळतं. म्हशींना पाणी तर लागणारच, म्हणून बांधापासून लांब, काठाच्या पक्क्या मुरमावर एक उतार करून द्या. निखळलेले दगड दरवर्षी बसवा, खाली बारीक खडीचा थर देऊन. थर नसेल तर लाट दगडांच्या फटीतून माती ओढून नेते.

पाझर: पाणी काय सांगतंय ते ऐका

मातीचा बांध थोडा पाझरतोच, पूर्ण कोरडा बांध मी बघितला नाही. त्यामुळे पाझर आहे म्हणून घाबरायचं नाही, आणि पाझर नेहमीचाच आहे म्हणून दुर्लक्षही करायचं नाही. तीन गोष्टी विचारायच्या: कुठून, किती, आणि कसला.

कुठून? एप्रिलमध्ये सगळं रान करपलेलं असताना पलीकडच्या उतारावर एखादा हिरवा पट्टा, लव्हाळा, बेडूक दिसले तर तिथं पाणी आहे. पायथ्याशी असेल तर बहुधा चालतं. उताराच्या मध्यावर किंवा त्याच्या वर ओल आली तर ती अभियंत्याला दाखवायची बाब.

किती? पाझर एका छोट्या चरात गोळा करा, चराच्या तोंडाला पाईपचा तुकडा बसवा, खाली दहा लिटरची बादली ठेवा आणि मोबाईलवर वेळ लावा. ४० सेकंदांत भरली तर सेकंदाला पाव लिटर. तारीख, बादलीचा वेळ, तलावातली पाण्याची पातळी आणि काल पाऊस होता की नाही, एवढं वहीत लिहा. पाणी चढलं की पाझर वाढणार, ते ठीक. पण तीच पातळी असताना गेल्या वर्षी ४० सेकंद लागायचे आणि आता २० लागतात, तर पोटात काहीतरी बदललंय. पाझर एकाएकी बंद झाला तरी शंका घ्या, पाण्यानं दुसरी वाट धरली असेल. वही नसेल तर यातलं काहीच कळत नाही. 'पूर्वीपासून असंच आहे' हे वाक्य बांधाच्या बाबतीत मी तरी आता मानत नाही.

कसला? काचेच्या बाटलीत भरा, रात्रभर उभी ठेवा. सकाळी तळाशी माती बसली असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. स्वच्छ पाझर जास्त असला तरी दम धरता येतो. गढूळ पाझर थोडा असला तरी धरता येत नाही. जमिनीतून वाळू उकळल्यासारखी वर येऊन भोवती वारुळासारखी गोल कड तयार होत असेल, तर तोही तोच आजार, वेगळ्या तोंडानं.

मोरी आणि मोटारींच्या पाईपा

मोरीच्या पाईपाच्या बाहेरच्या अंगानं, म्हणजे पाईप आणि माती यांच्या सांध्यातून पाणी येणं हे मातीच्या बांधाचं जुनं दुखणं. दार बंद करून मोरीच्या तोंडाशी बसा. आतून थेंब पडतात की बाजूनं झिरपतं, ते बघा. बाजूनं झिरपत असेल तर वरच्या पाझरासारखंच मोजा आणि बाटलीत भरा. दार दर दोन महिन्यांनी पूर्ण उघडून बंद करा, स्क्रूला ग्रीस लावा. संकटाच्या रात्री गंजलेलं दार उघडत नाही.

आणि मोटारींच्या पाईपा. नवीन मोटार बसवली की जेसीबी आणून माथा कापायचा, पीव्हीसी टाकायची, माती लोटायची, अर्ध्या दिवसात काम संपलं. ती कापलेली जागा पुन्हा पूर्वीसारखी कधीच होत नाही. पाईप माथ्यावरून घ्या, वरून मुरमाचा उंचवटा करा, किंवा बांधाच्या टोकाला पक्क्या जमिनीतून फिरवून न्या. चार पाईप जास्त लागतील, तेवढं लागू देत.

फेब्रुवारीपासून सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. पाणी फार वेगानं उतरलं तर पाण्याकडचा उतार आतून भिजलेलाच राहतो आणि बाहेरचा पाण्याचा आधार निघून जातो, मग तो घसरतो. दिवसाला फूटभरापेक्षा जास्त पातळी उतरवू नये. आमच्या वाट्याच्या पाळ्या आम्ही त्या हिशोबानं लावून घेतल्या.

गाळ काढताना

गाळ रानाला सोनं आहे, काढा. पण बांधाच्या पाण्याकडच्या पायथ्यापासून १५ ते २० मीटर सोडून. खाली मुरूम लागला की थांबा. तळाचा चिकण थर फोडला तर पाणी बुडातून निघून जातं, कधी बांधाच्या पायाखालून. पलीकडच्या पायथ्याशी तर कुदळसुद्धा मारू देऊ नका. वीटभट्टीसाठी माती मागायला येतात, भाव चांगला देतात. नाही म्हणा. पायथ्याजवळ विहिरीला सुरुंग लावायलाही नाहीच म्हणा.

पावसात

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आपल्या पोरांनाही पाठ असतं. आपल्या तलावाला असे आकडे का नसावेत? मोरीच्या विहिरीवर रंगानं पट्टी मारा. सांडव्याच्या उंबऱ्याला एक रेघ, त्याच्या वर एक फुटाला पिवळी, दोन फुटांना लाल. पिवळीला पाणी आलं की दोन माणसं बांधावर आणि खालच्या घरांना निरोप. लालला आलं की घरं रिकामी. हे आकडे घरात, शेजाऱ्यांना, खालच्या अकरा घरांना आधीच सांगून ठेवा.

तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रात, रोज एक फेरी. जोरात पडत असेल तर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. एकट्यानं कधीच नाही. हातात बॅटरी आणि काठी, पायात गमबूट, आणि पाण्याकडच्या उतारावर उतरायचं नाही. तुमच्या वर त्याच ओढ्यावर आणखी कुणाचा बांध असेल तर त्याच्या मालकाचा नंबर जवळ हवा. वरचा फुटला तर खालचा टिकत नाही.

मृगाच्या आधी बांधाजवळ, पण बांधावर नव्हे, एवढं सामान टाकून ठेवा: एक ब्रास जाड वाळू, एक ब्रास बारीक खडी, एक ब्रास मोठी खडी, युरियाची शंभर-दीडशे रिकामी पोती, सुतळी, चार फावडी, ताडपत्री, आणि दोरीला बांधलेली हवा भरलेली ट्यूब.

आणीबाणीत

आधी माणसं, मग बांध. गढूळ पाणी वेगानं येतंय, उतार सरकतोय किंवा पाणी माथ्याला टेकतंय, यातलं काहीही दिसलं की पहिला फोन खालच्या घरांना. मग पोलीस पाटील, सरपंच, ११२, आणि जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. देवळाचा भोंगा वापरा. ओढ्यावरच्या फरशी पुलावर दोन्ही बाजूंना माणूस उभा करून वाहतूक थांबवा.

मोरी पूर्ण उघडा. आता उतार घसरायचा धोका पत्करावा लागला तरी पत्करा.

पाणी माथ्याकडे येत असेल तर दबलेल्या जागांवर पोती रचा आणि सांडव्यातला सगळा अडथळा काढा. सांडवा रुंद करायचा तर बांधापासून दूरच्या बाजूला, मूळच्या पक्क्या जमिनीत. बांध स्वतः कापून पाणी सोडायचा विचारही करू नका. कापलेली चर पाण्यानं काही मिनिटांत रुंदावते, तो बांध फोडणंच झालं.

पलीकडे गढूळ झरा फुटला तर तोंड चिखलानं, पोत्यानं, काँक्रीटनं बुजवू नका. दाबलं की ते दुसरीकडे फुटतं. झऱ्यावर आधी वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी टाका, पाणी जाऊ द्या, माती अडू द्या. झऱ्याचा जोर वाळूच उडवून देत असेल तर भोवती पोत्यांचं गोल कडं रचून आत पाणी साठू द्या, त्याच्या वजनानं जोर कमी होतो, मग थर द्या. तलावात भोवरा दिसला तर तिथं आतलं तोंड आहे. त्यावर ताडपत्रीत बांधलेली माती, पेंढ्याच्या गाठी, जे हाताशी असेल ते काठावरूनच सोडा, पाण्यात कुणी उतरू नये. उतार घसरत असेल तर पायथ्याला दगडांचा ढीग लावा. वर माथ्यावर भराव टाकू नका, वजन वाढून तो आणखी घसरतो.

पाच-दहा मिनिटांत फरक पडला नाही तर सगळ्यांनी बांधावरून दोन्ही टोकांकडे निघून जायचं, उंच जमिनीवर. सामान तिथंच राहू दे.

दिवाळीच्या आधी

पावसाळा संपल्यावर पुन्हा तीच फेरी, त्याच वहीसकट. एकाच खुंटीवर उभं राहून दरवर्षी सहा फोटो काढा: दोन्ही उतार, माथा, सांडवा, मोरीचं तोंड, पाझराचा चर. पावसानं पाडलेल्या ओहळी आत्ताच भरा, पुढच्या वळवात त्या दुप्पट होतात. मोठी कामं, सांडवा, झाड, मोरी, यांची यादी आत्ताच करून अभियंत्याला आत्ताच बोलवा. मेमध्ये बोलावलं तर मशीन मिळत नाही आणि मिळालं तर वळीव येतो.

आणि बेंदराच्या आठवड्यात खालच्या घरांचे फोन नंबर तपासून घ्या. गेल्या वर्षी आमच्या वहीतले अकरापैकी तीन नंबर बंद निघाले, आणि शेवटच्या घरातल्या आजी आता एकट्याच राहतात. त्यांच्याकडे फोन नाही. त्यांच्या नावापुढं शेजारच्या पोराचं नाव लिहिलं आहे, लाल रेघेची वाट न बघता पिवळीलाच तो त्यांना घेऊन निघणार.